आउट झालेला गंधार

मंगळवारी तिसरीच्या संगीताच्या तासाला गंधार आउट झाला आणि तेव्हापासून तो आमच्या गावात वाजेनासा झाला. ग हे अक्षर व्यवस्थित चालू होतं. गेला तो सूर.

खेळ माझाच. व्हरांड्यात खडूने सात चौकोन आखायचे, सा ते नी. मी पेटीची पट्टी दाबते, मुलं सूर ओळखून त्याच्या चौकोनात उडी मारतात. उशीर झाला की आउट, आणि आउट झालेल्याने खेळ संपेपर्यंत बाहेर बसायचं. अंतिम फेरी मार्चमध्ये. त्या दिवशी मी गंधाराची पट्टी दाबली आणि इंद्रायणी ढवळेने इतक्या चपळाईने उडी मारली की सूर तिच्यानंतर पोचला.

"बाई, गंधार उशिरा आला. आउट!" वर्ग ओरडला. नियम म्हणजे नियम, मीही मान डोलावली. माझी ही खोड मला नेहमी नडते.

मुख्याध्यापक कारंडे सरांनी पेटी उघडून पाहिली. "बिघाड काही नाही," ते म्हणाले. "आउट असल्यावर वाजेल कसा?" भजनी मंडळाने गंधार नसलेली भजनं शोधून काढली. पाववाल्याचा भोंगा मुका झाला, तो हाका मारू लागला. सगळ्यांनी निभावून नेलं.

शुक्रवारी इंद्रायणीची आई तान्ह्याला कडेवर घेऊन शाळेत आली. "बाई, तीन दिस झालं, लेकरू झोपलं न्हाई. माझी अंगाई त्या सुरापाशीच अडती. तोंड उघडतंय, आवाज न्हाई." बाळाचा रडून रडून घसा बसला होता. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

"गंधारला परत घेऊ या," मी मुलांना म्हणाले.

"मग आमालाबी घ्या," आउट होऊन बाहेर बसलेले नऊ जण म्हणाले.

इंद्रायणी भावाकडे बघत होती. लपाछपीत ती त्याला कडेवर घेऊनच खेळते, पण त्याच्यावर कधी राज्य येत नाही. "बाई, गंधारला कच्चा लिंबू करू," ती म्हणाली. "आमच्या बाळावानी."

"पर त्यानं जिंकायचं न्हाई," नऊ जणांनी अट घातली. मी हजेरीपटात तशी नोंद केली, कारंडे सरांनी सही केली.

पट्टी दाबली. काहीच नाही. मग गंधार आला, हळूच, उशिराच. या वेळी त्याला कुणी आउट दिलं नाही.

इंद्रायणीची आई गंधाराच्या चौकोनात बसून गाऊ लागली. त्या जागी ती थांबायची, तो आला की पुढे जायची. तिसऱ्या ओळीला बाळ झोपलं. इंद्रायणीने डोळे पुसले.

गंधार अजून उशिराच येतो, आणि गाव त्याच्यासाठी थांबतं. परवा तपासणीला आलेले साहेब प्रार्थनेत न थांबता एकटेच पुढे निघून गेले. मुलांनी त्यांना आउट दिलं. साहेबांनी बूट काढले आणि नऊ जणांच्या शेजारी मांडी घालून बसले.