एकट्याचे रोडगे

आमच्या परतवाड्यातल्या सिंधूमावशी जगाची पारख रोडग्यांवरून करतात. नवरदेव असो, नगरसेवक असो की भजनी मंडळ, त्यांचा सवाल एकच. "ह्यायनं मिळून रोडगे केले हायेत का कवा?" कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. एकानं मळायचं, एकानं जाळ सांभाळायचा, एकानं वांग्याची भाजी पाहायची. "एकट्याचे रोडगे होत नसतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भाजीच्या दुकानावर बसून त्यांनी पल्लवीला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, शिकवलं. पोरीनं एमबीए करायचं ठरवलं तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, कालेज मी पायते. तुमी फक्त इंग्रजी बोला." मी पडलो शेजारी, त्यामुळे सुटका नव्हती.

अमरावतीच्या पहिल्या कॉलेजचं नाव मोठं. तिथल्या साहेबांनी गुळगुळीत माहितीपुस्तक पुढे केलं. विविधता, टीमवर्क, नाना प्रांतांची मुलं! मावशींनी वरचा फोटो निरखला.

"सारे पोट्टे हासून राहिले, पण एकमेकाकडे कोणीच पाहून नाई राहिलं."

मग मेस पाहायचा हट्ट. तिथे फाडफाड इंग्रजीवाले एका टेबलावर, गावाकडचे दुसऱ्यावर, आणि मेळघाटातली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवत होती.

"काहून वं, एकटी?"

"सवय झाली, मावशी."

तिचं ताट संपेपर्यंत मावशी तिच्यासमोर बसून राहिल्या. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "आमचं प्लेसमेंट तर बघा!"

"पोरगी एका टेबलावर बसवता येत नाई तुमाले, अन् नोकरीले बसवता?" मावशी उठल्याच.

पल्लवी रडकुंडीला आली. नातेवाइकांनी फोनवरून मावशींना वेड्यात काढलं. मावशी ढिम्म. "काढा म्हना." खरं सांगतो, मलाही त्यांचा रागच आला होता. पोरीचं नुकसान होणार, असं मला वाटत होतं.

अकोल्याच्या कॉलेजला ना नाव, ना गुळगुळीत कागद. विक्रीचा सराव म्हणून मुलांनी आवारात दुकानं थाटली होती आणि एका कोपऱ्यात चक्क रोडगे चालले होते. हिजाबातली एक मुलगी कणिक मळत होती, बिहारचा एक मुलगा गोवऱ्या फुंकत होता. निम्म्या रोडग्यांचा कोळसा झालेला आणि चूक कोणाची यावर कडाक्याचं भांडण. पल्लवीला राहवेना. "जाळावर नाही रे, निखाऱ्यावर!" म्हणत तीही त्यात शिरली.

मावशींनी मला कोपर मारलं. "इथंच! भांडतेत म्हंजे वळखतेत एकमेकाले."

पल्लवी होस्टेलला गेली. आठवड्यानं दुपारी मी सहज डोकावलो, तर मावशी ओट्यापाशी उभ्यानंच भाकर खात होत्या. ताटसुद्धा घेतलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशींचे यजमान वारल्यापासून या घरात रोडगे झालेच नव्हते. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला ते दिसलं नाही. फार लाज वाटली.

संध्याकाळी टोपलीभर गोवऱ्या घेऊन मी त्यांच्या अंगणात गेलो.

"तुमाले जाळ लावता येते का?"

"नाही."

"मंग भांडण होईन, मास्तर."

"होऊ द्या."

मावशींनी पदरानं डोळे पुसले, परात ओढली आणि माझ्या गोवऱ्या रचण्यावरून मला पहिली शिवी हासडली.