सापकांदा आणि सोयरीक

जळगाव जामोदच्या पुंजाजी मास्तरांना निवृत्तीनंतर दोनच उद्योग उरले होते, झाडं लावणं आणि बोलणं. मुलगी प्राचीने बँकेत सोबत काम करणारा सागर पसंत केला होता आणि रविवारी त्याचे आईवडील खामगावहून यायचे होते. मागचं एक स्थळ मास्तरांनी मुलाच्या काकांचं व्याकरण सुधारल्यामुळे मोडलं होतं. म्हणून शनिवारी प्राची म्हणाली, "बाबा, उद्या थोडं कमी बोलजा."

मास्तरांना ते लागलं, पण त्यांनी शब्द दिला. गप्प बसायलाही अंगात ताकद लागते, म्हणून रविवारी सकाळी ते मागच्या अंगणात गेले. तिथे आंब्याखाली त्यांनी सातपुड्यातून आणलेली, ताकदीसाठी खातात ती सफेद मुसळी वाढवली होती. तिला ऊन लागू दिलं नव्हतं, पाणी साचू दिलं नव्हतं, सडका पालापाचोळा मात्र भरपूर घातला होता. गुराखी कचरूने एकदा सांगितलं होतं, की मुसळीचं फूल चांदणीसारखं पांढरं असतं. याला तर नागाच्या फण्यासारखं फूल आलंय, म्हणजे हा सापकांदा. गुरांच्या जखमेतल्या किड्यांवर लावतात, तोंडात घालत नाहीत. मास्तरांनी उलट त्यालाच वीस मिनिटं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं.

त्यांनी कंद धुतला आणि एक तुकडा चावला. क्षणभरात जिभेत हजार सुया टोचल्या. त्यांनी तुकडा थुंकला, पण ओठ सुजायचे ते सुजलेच. पत्नी आशाबाईंनी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण दोन दिवस बोलणं होणार नाही. घरी परतले तर दारात पाहुण्यांची गाडी.

सागरचे वडील गजेंद्रराव बसल्याबरोबर बोलू लागले. कापसाचा भाव, स्वतःचे गुडघे, गावातले रस्ते, काही सुटलं नाही. मास्तर तोंडावर रुमाल धरून मान डोलावत राहिले. दोन जागी गजेंद्ररावांचं व्याकरण चुकलं, तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निघताना गजेंद्रराव गहिवरून म्हणाले, "मास्तर, इतकं मन लावून माहं कोणीच ऐकलं नाही. सोयरीक पक्की समजा."

मंगळवारी जीभ मोकळी झाली. खरा प्रकार व्याह्यांना सांगून टाकावा, म्हणून मास्तरांनी फोन लावला. पाऊण तासाने त्यांनी तो खाली ठेवला.

"काय बोलणं झालं?" आशाबाईंनी विचारलं.

"त्याईचं झालं," मास्तर म्हणाले. "माहं राह्यलं."