पहिली बादली कोणाची

आमच्या तांड्याच्या विहिरीवर पाणी भरायचं तर आधी हाताची नखं दाखवावी लागत. नखं तपासणं हे खरं तर माझं काम, कारण तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर मीच. पण रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हारसिंगबापूंनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि मला परत पाठवलं. "काढून या," एवढंच म्हणाले.

ही साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. फुलसावंगीच्या वरच्या डोंगरात बंजाऱ्यांचा तांडा. घरटी एक माणूस लावून, काळा दगड फोडून लोकांनीच ती विहीर खणलेली, आणि तिच्यावर राखणदार म्हणून बापूंना बसवलेलं. साठी उलटलेले, घरात एकटेच. कायदे सगळे त्यांचे. घरची बादली विहिरीत सोडायची नाही. तांड्याची एकच बादली, एकच दोर. काठावर चपला नाहीत, चूळ नाही, भांडण तर नाहीच. दोघी बाया तोंडाला तोंड देऊ लागल्या की बापू काठीनं लांबचा पळस दाखवत. तिथं जाऊन भांडून यायचं आणि रांगेत शेवटी उभं राहायचं. बहुतेक भांडणं पळसापर्यंत टिकत नसत.

"पानी वर, बाकी सारं खालते," हे त्यांचं पालुपद. ढोरं खालते, धुणं खालते. एका सकाळी मी टमरेल घेऊन विहिरीच्या वरच्या अंगाला निघालो, तर बापू अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, खालते." पुढे आठवडाभर वर्गात पाठ फिरवली की मागून 'खालते' ऐकू यायचं. तेव्हापासून मी बापूंवर डूख धरून होतो, कबूल करतो.

उन्हाळ्यात झरे बसले. घरटी एकच बादली ठरली आणि तांड्याच्या नायकानं, म्हणजे मुखियानं, मला पाळीची यादी करायला सांगितली. यादी करायची म्हटलं की मला हुरूप येतो. बापूंना विचारलं, "सुरुवात कोणापासून?"

"पहिली बादली याडीची."

"यादीचीच हो. पण यादीत पहिलं कोण?"

"सांगून त राह्यलो. याडी."

माणसाला धड यादी म्हणता येत नाही, असं मनात म्हणून मी नायकाचं नाव वर टाकलं आणि बापूंचं सगळ्यात खाली.

पण रोज पहिली बादली बापूच ओढत आणि सरळ टेकडीमागे घेऊन जात. चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी नायकाकडे गेलो. पळसाखाली माणसं जमली. नायक म्हणाला, पाणी चोरलं असेल तर राखणदार बदलावा लागेल. बापूंची काठी पहिल्यांदाच जमिनीवर पडलेली पाहिली. मला बरं वाटलं.

"म्या मास्तरले सांगतलं होतं," बापू म्हणाले. "पहिली याडीची."

नायक माझ्याकडे वळला. "मास्तर, आमच्या बोलीत याडी म्हंजे माय."

बापू खाली पाहून बोलत राहिले. विहीर नव्हती तेव्हाची गोष्ट. सारे नाल्याचं पाणी प्यायचे. मायला पटकी झाली. "पानी दे, पानी दे, करे. लोक म्हणे, पान्यानंच बिमारी झाली, देऊ नको. म्या देल्लं नाही. तशीच गेली." टेकडीमागे तिला पुरलं, तिथं आता लिंब आहे. बादली तिथं जात होती.

मी यादी काढून पाहिली. तळाशी बापूंच्या नावापुढे चार दिवसांत एकही खूण नव्हती. स्वतःच्या वाट्याची बादली मायला देऊन हा माणूस तहान लागली की कोणाच्याही दारात ओंजळ धरत होता. खुणा मीच करत होतो, आणि मलाच दिसलं नव्हतं. लाज वाटली, फार वाटली.

त्याच दिवशी नवी यादी केली. वर याडी, खाली हारसिंगबापू. एक बादली वाढली, म्हणून मी माझं नाव खोडलं आणि नायकाच्या घरात पाणी प्यायला लागलो.

सकाळी विहिरीवर बापूंना पहिलं नाव वाचून दाखवलं. ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग माझा हात धरला, बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"नखं वाढले, मास्तर," म्हणाले. पण परत पाठवलं नाही. हातही बराच वेळ सोडला नाही.