प्रधानकाकांचा पिवळा ऑइलपेंट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रधानकाकांच्या टेबलावरून चष्मा उचलला, की खाली चष्मा उरतो. म्हणजे चष्म्याचा आकार. पिवळ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, काड्यांसकट काढलेला. डबा उचलला की खाली गोल. इस्त्री काढली की भिंतीवर इस्त्री. देवघरातल्या रांगत्या बाळकृष्णालासुद्धा त्यांनी आखून दिलंय. रांगता असला म्हणून काय झालं, रात्री तोही आपल्या जागेवर दिसला पाहिजे.

काकांचा जन्म तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरी करण्यात गेला. तिथले कायदे त्यांनी रिटायर होताना घरी आणले. तात्पुरती जागा असेल तर खडूने आखायची, कायमची असेल तर ऑइलपेंटने. आकार रिकामा दिसला तर घाबरायचं नाही, वस्तू कामाला बाहेर गेलीय आणि ती परत यायचीय. जे या कायद्यात बसत नाही त्याला त्यांचा एकच शेरा असतो, "जागा चुकली." कढीत शेवग्याची शेंग दिसली, जागा चुकली. भाषणात कुणी कविता म्हटली, जागा चुकली. माणसांनाही ते नावाने ओळखत नाहीत, पत्त्याने ओळखतात. मी इतकी वर्षं 'तिसऱ्या मजल्यावरची' आहे. त्यांनी लग्न का केलं नाही, असं एकदा माझ्या सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, जागा नव्हती.

अशा माणसाच्या घरात आम्ही सिनेमा काढायचा ठरवला, यावरून आमची अक्कल कळेल.

आम्ही म्हणजे चार जण. मंगेश, माझा कॉलेजातला मित्र, विम्याच्या ऑफिसात कारकुनी करता करता लेखक-दिग्दर्शक झालेला आणि दुसरं कुणी मिळेना म्हणून बापाच्या भूमिकेत शिरलेला. प्राची, बालवाडीची बाई, त्याची मुलगी व्हायला तयार झालेली. कॅमेरा हरेशचा. तो उरणकडचा, लग्नाच्या शूटिंगांत पक्का मुरलेला. कुणीही दारातून आत आलं की याचा कॅमेरा आपोआप त्याच्याकडे वळायचा आणि तोंडातून "जरा हसा" निघायचं. आणि उरलेली सगळी कामं करणारी मी. सिनेमाचं नाव 'बांधाबांध'. घर सोडून जायच्या दिवशी बाप-लेकीचं जुंपतं, एवढीच गोष्ट. एकच घर असल्यामुळे खर्च नाही, असा मंगेशचा हिशेब.

पण ते घर आणायचं कुठून? माझ्याकडे सासूबाई आणि त्यांच्या मालिका. मंगेशकडे त्याची जुळी. शेवटी नाही ऐकायच्या तयारीनेच मी वर गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की वस्तू संध्याकाळी जागेवर येतील ना? मी शपथ घेतली. त्यांनी बजावलं, की एक वाटी जरी इकडची तिकडे राहिली तर दुसऱ्या दिवसापासून शूटिंग बंद. दोन रविवारांत अर्धा सिनेमा त्या घरात अडकला आणि ही धमकी आमच्या मानेवर बसली. कारण तसं दुसरं घर पनवेलात काय, पृथ्वीवर नव्हतं.

पहिल्या रविवारी चहा आला तो एकाच कपातून, पाळीपाळीने. घरात कप एकच, त्याचा आकारही एकच. मंगेश प्यायला, मग कप धुतला, पुसला, मग प्राची. हरेशचा नंबर लागेपर्यंत उन्हाची दिशा बदलली. दुसऱ्या रविवारी मात्र ओट्यावर चार नवे कप, चार खडूच्या गोलांत उभे. मी म्हटलं, काका, कशाला उगाच? तर म्हणाले, वेळ वाचतो.

खरी गंमत पुढे होती. घर सोडून जाणाऱ्या माणसांचा सिनेमा म्हणजे घरभर पसारा हवा, आणि काकांना पसाऱ्याचं नाव काढलेलं चालेना. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. पसारा आखून घ्यायचा. मग काका गुडघ्यावर बसून विस्कटलेल्या चादरीचा आकार खडूने काढताहेत, उलट्या पडलेल्या बादलीचा काढताहेत, आणि आम्ही तोंडात रुमाल कोंबून उभे. चिडलेला बाप भाकरीची परात भिरकावतो असा प्रसंग होता. काकांनी परात पडायची जागाही आखून दिली. मंगेशने जीव तोडून संवाद म्हटला, डोळ्यांत पाणी आणलं, परात फेकली, आणि स्वयंपाकघरातून शांत आवाज आला, "जागा चुकली."

पुन्हा फेकली. पुन्हा चुकली. सहाव्या की सातव्या वेळेला परात घरंगळत, गिरक्या घेत, बरोब्बर गोलात जाऊन बसली आणि काकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तो शॉटही गेला. प्राचीला इतकं हसू आलं की तिचा रडायचा प्रसंग पुढच्या रविवारवर ढकलावा लागला.

मग त्यांना नादच लागला. नटांनी कुठे उभं राहायचं तेही ते पावलं काढून दाखवायला लागले. हरेश तर खूश झाला. मला म्हणाला, "ताई, मानूस कुठं उबा रानार ते आदीच कलतं. लग्नात नवरा पन असा जागेवर नाय सापरत."

आत सगळं शिस्तीत आणि दाराबाहेर आमच्या चपलांचा उकिरडा. त्यातही मंगेश थोर. तो जिना चढतानाच पाय झाडायचा. एक चप्पल दाराशी, दुसरी पार जिन्याच्या पायरीजवळ, तिरकी. काका दर रविवारी दार उघडून उभेच असायचे, विचारलं तर हवा खातोय म्हणायचे. ती चप्पल बघून "जागा चुकली" म्हणायचे आणि पायाने सरळ करायचे. पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथेच, तशीच तिरकी.

शेवटच्या दिवशी शेवटचा शॉट होता रिकाम्या घराचा. बाप-लेक गेलेत, नुसतं घर दिसतंय. हरेशने कॅमेरा लावला आणि माझ्या लक्षात आलं, की काका कुठे दिसत नाहीत. दाराच्या फटीतून पाहिलं तर बाहेर जमिनीवर बसलेले, आमच्या चपलांसमोर, हातात खडू. शेवटच्या दिवशी तरी त्यांचा चपलांवरचा राग निघतोय म्हणून मी गप्प बसले.

मग आवराआवर. त्या दिवशी आम्ही जीव लावून आवरलं. चष्मा चष्म्यात, इस्त्री इस्त्रीत, बाळकृष्ण बाळकृष्णात. पसाऱ्याच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या. काका पाठीमागे हात बांधून प्रत्येक खोली तपासत फिरले. एकदा फिरले, पुन्हा फिरले. मला वाटलं आता काहीतरी काढणार. पण काही सापडेना तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सगळं जागेवर आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "काही राहिलं नाही ना तुमचं?"

नाही, असं आम्ही हौसेने सांगितलं आणि जिना उतरलो. सिनेमा पुरा झाल्याच्या आनंदात मंगेशने एसटी स्टँडसमोर सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. काकांना बोलवावं हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी घावन केले होते. काकांना द्यावे म्हणून वर गेले. जिन्यातच ऑइलपेंटचा वास आला. दार उघडं होतं, नेहमीसारखं, आणि दाराबाहेरच्या लादीवर पिवळे आकार होते. हरेशच्या भल्यामोठ्या सँडल, प्राचीच्या नाजूक चपला, माझ्या अंगठा तुटलेल्या, त्या तुटक्या अंगठ्यासकट. मंगेशची एक दाराशी होती. दुसरी शोधावी लागली. ती पार जिन्याच्या पायरीजवळ होती, तिरकी. काकांनी ती सरळ केली नव्हती. जशी पडायची तशीच, तिथेच, ऑइलपेंटने काढली होती.

आतून काकांनी विचारलं कोण आहे. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरची. माझ्या चपला काढून मी माझ्या आकारात ठेवल्या. बाकीचे तीन रिकामेच होते. आत ओट्यावर ते चार कप होते, आणि त्यांच्याखालचे गोलही आता पिवळे झाले होते.

मी तिथूनच मंगेशला फोन लावला आणि सांगितलं, की प्राचीला आणि हरेशला घेऊन आत्ताच्या आत्ता काकांकडे ये.

"अगं, पण शूटिंग संपलं ना?" तो म्हणाला.

"संपू दे," मी म्हटलं. "आणि त्याच चपला घालून ये."