ओट्यावरचं फडकं

राजापेठेतल्या त्या गल्लीत इंदूबाईंची स्वच्छता सगळ्यांना ठाऊक होती आणि बहुतेकांना तिचा जाच होता. नळाला हात लावण्याआधी त्या नळ धुवायच्या. त्यांचे पती धर्मपाल एसटीतून निवृत्त झाले होते. घरात शिरताना त्यांना पाय दोनदा धुवावे लागत.

मुलगी दीक्षा पीएचडी करत होती. सहा वर्षं खपून तिनं संत्र्याच्या सालींपासून डोळ्यांना न दिसणारे कण बनवले होते. ते जंतूंना चिकटत, जांभळ्या उजेडात हिरवे चमकत आणि निळ्या उजेडात ठेवले की त्याच जंतूंना मारत. दुसऱ्या दिवशी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांना कण चमकताना प्रत्यक्ष बघायचे होते. प्रयोगशाळेतला फ्रीज ऐनवेळी बंद पडला, म्हणून दीक्षानं बाटली घरी आणून फ्रीजमध्ये ठेवली.

"हे काय हाये वं?" इंदूबाईंनी विचारलं.

"जंतू मारायचं औषध." दीक्षा घाईत होती. उजेडाचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

"आई! यातलं कुठं गेलं?"

"ओटा पुसला. उद्या तुह्या परीक्षेले शंभर आलूबोंडे न्यायचे हायेत. ओटा साफ नको का?"

"अवं, माही सहा वर्षांची मेहनत होती ते! नवं कराले आठ दिवस लागतात!"

"मंग सांगाचं ना तसं! मले का मालूम?" इंदूबाई आधी चिडल्या आणि मग पदर डोळ्याला लावून बसल्या.

"फडक्यात काही उरलं असन ना," धर्मपाल म्हणाले.

दीक्षानं फडकं तीनदा खळखळून धुतलं. त्यानं सुटे कण निघून जाणार होते, जंतूंना चिकटलेले तेवढे राहणार होते. मग तिनं जांभळी बॅटरी मारली. फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार उजळलं. धर्मपालांनी फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोनदा धुतलेल्या पायांकडे पाहिलं.

"हेच नेते उद्या," दीक्षा म्हणाली.

"ने," इंदूबाई म्हणाल्या. "पण कोणाचं हाये ते सांगू नको. माही शपथ हाये तुले."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या टेबलावर आलूबोंड्यांचे डबे होते आणि त्यांचा वास परीक्षकांपर्यंत पोचला होता. दिवे मालवले, फडकं चमकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक मात्र खूश नव्हते.

"धुतलेल्या फडक्यावर इतके जंतू? हे तुम्ही प्रयोगशाळेत वाढवून लावलेत. फडकं कुठलं आहे?"

दीक्षानं मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं.

"सांगता येत नसेल तर हा प्रयोग धरता येणार नाही."

दीक्षानं मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. इंदूबाई उभ्या राहिल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"पोरीले काहून बोलून राहिले, सायेब? माह्या ओट्यावरचं हाये ते. रोज धुते, रोज त्यानंच पुसते. पोरगी खोटं बोलत नाही."

"रोज? हेच फडकं?"

"दोन सालापासून."

गल्लीतल्या चार बायका तिथंच बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. परीक्षकांनी मात्र चष्मा पुसला आणि कागदावर सही केली. डॉक्टर दीक्षा धावत मागे गेली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघीही रडल्या.

"चला, नाश्ता घ्या," दीक्षाच्या मार्गदर्शक सरांनी सुचवलं.

कोणी जागचं हललं नाही. परीक्षकांना एकाएकी आपला उपवास आठवला. सरांचं पोट सकाळपासून भरलेलं निघालं. शेवटी धर्मपाल उठले आणि डब्याचं झाकण काढून म्हणाले, "तीस साल झाले, याच ओट्यावरचं खाऊन राहिलो. मले काही झालं नाही."

ते आलूबोंडा उचलणार तोच इंदूबाईंनी त्यांचा हात धरला.

"पयले हात धुवा."