अर्ध्या टेस्लाचे भोयरभाऊ

भोयरभाऊ कोणाच्या घरी पहिल्यांदा गेले की आधी तिथल्या भांड्यांना लोहचुंबक लावून पाहत. चहा त्यानंतर.

मला हे ठाऊक नव्हतं. नागपुरात, प्रतापनगरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी या शेजाऱ्यांना मोठ्या हौसेनं घरी बोलावलं. इतवारी बाजारातून आणलेला डब्यांचा नवा संच फळीवर ओळीनं मांडला होता. कोणी विचारलेलं नसताना मी म्हणालो, "अस्सल स्टेनलेस आहे." भाऊंनी सदऱ्याच्या खिशातून घोड्याच्या नालेच्या आकाराचा चुंबक काढला आणि सगळ्यात मोठ्या डब्याला टेकवला. चिकटला. दुसऱ्याला चिकटला. पाचव्याला तर असा चिकटला की डबाच फळीवरून उचलला गेला.

"कोण म्हणे स्टेनलेस?"

"दुकानदार. फार भारी माल आहे म्हणाला."

"भारी म्हणजे किती, अन् कोणाले? त्याले का तुले?"

दुसऱ्या दिवशी ते डबे आणि मला घेऊन इतवारीत गेले. भर दुकानात त्यांनी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर एकेक डबा चुंबकाला लटकवून दाखवला. गर्दी जमली. मी त्या वेळी शेजारच्या दुकानात, अगदी अनोळखी गिऱ्हाईक होऊन, एका गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, भाव विचारत होतो. डबे बदलून मिळाले. बायकोला मात्र मी सांगितलं की मीच दुकानदाराला चांगलं झापलं.

भाऊंची नोकरी उमरेडजवळच्या कोळसा खाणीत झाली होती. कोळसा पट्ट्यावरून पुढे फोडायला जातो तेव्हा त्यात कधी खिळे, कधी बोल्ट, कधी कुदळीचं तुटलेलं टोकही असतं. ते यंत्रात गेलं तर दात मोडतात. म्हणून पट्ट्याच्या वर मोठा विजेचा चुंबक टांगलेला असतो. तो कोळशातलं लोखंड वरच्या वर उचलून घेतो. या चुंबकाची राखण म्हणजे भाऊंची नोकरी. मग एक नवे साहेब आले आणि म्हणाले, हा जुना कमजोर आहे, दुप्पट ताकदीचा बसवा. बसवला. पहिल्याच पाळीत त्यानं खिळे उचलले, बोल्ट उचलले, आणि पट्टा जिथं लोखंडी पकडींनी जोडला होता तो जोडही उचलला. अख्खा पट्टा उभा फाटला.

ही हकिकत भाऊ दर आठवड्याला सांगत, आणि दर वेळी काल घडल्यासारखे संतापत. "साहेब म्हणे, जास्त ताकद. अबे, जास्त म्हणजे किती, अन् कोणाले? खिळ्याले जास्त पाहिजे, पट्ट्याले नाही पाहिजे. लोहचुंबक काय इचारून उचलते?"

त्या दिवसापासून 'जास्त' या शब्दाशी त्यांचं वैर जडलं. रेडिओवर कोणी दुप्पट पांढरे कपडे म्हटलं की भाऊ पोस्टकार्ड घेऊन बसत. साबणाच्या कंपनीला लिहीत: दुप्पट म्हणजे कोणाच्या कपड्यांच्या? उत्तर आलं नाही की तेच कार्ड पुन्हा लिहीत, या वेळी लाल शाईनं.

हे सगळं मी कॉलनीत रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. पण हसणं थांबावं अशी गोष्ट पुढे घडली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार होता. भाऊंच्या पत्नी, इंदूवहिनी, यांच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर झाली. एक दिवस वरणाचा गंज हातातून सुटला आणि पायावर सांडला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी मान तपासली, साधे फोटो काढले, आणि म्हणाले, यात समजत नाही. मानेत आत नस कुठे दबली ते दाखवणारं नवं यंत्र आलंय, एमआरआय. मोठ्या चुंबकावर चालतं, त्याची ताकद टेस्लात मोजतात. नागपुरात नाही. मुंबईत आहे ते अर्ध्या टेस्लाचं, दिल्लीत दीड टेस्लाचं. दिल्लीचं जास्त ताकदीचं, तिकडे जा.

डॉक्टर बिचारे 'जास्त' म्हणून बसले.

त्याच दिवशी भाऊंनी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे अर्धा, उजवीकडे दीड. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना गाठून त्यांनी विचारलं, ते वहीत उतरवलं. दीडचं चित्र स्पष्ट, वेळ कमी, आवाज मोठा. अर्ध्याचं चित्र थोडं भरड, वेळ जास्त, आवाज त्या मानानं कमी. दोन्ही ठिकाणी त्यांनी इंग्रजीत पत्रं टाकली आणि वाट पाहत बसले.

आठवडा गेला, दुसरा गेला. वहिनींना भाकरी थापता येईना. ब्लाउजची बटणं शेजारच्या बायका लावून देऊ लागल्या. आणि हा माणूस अंगणात वही घेऊन बसलेला.

मला राग यायला लागला. खरोखरचा. मी भूमापन खात्यातला कारकून, टेस्ला हे मला कंपनीचं नाव वाटायचं. पण रागाला ज्ञान लागत नाही. एका संध्याकाळी चार माणसं बसलेली असताना मी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, वहिनींच्या हातून ताट सुटतंय आणि तुम्ही चुंबकं मोजत बसलात. काही वाटत नाही का?"

"तुले काय समजते गा यातलं?"

"एवढं समजतं की डॉक्टर दिल्ली म्हणाले."

"काहून म्हणाले? जास्त हाय म्हणून? जास्त म्हणजे—"

"जास्त म्हणजे जास्त," मी म्हणालो.

भाऊ वही उचलून आत गेले. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाता जाता पानठेल्यावर मी ते दोनदा म्हणून दाखवलं. आणि तेवढ्यावर न थांबता दिल्लीच्या माझ्या मेहुण्याला परस्पर पत्र लिहिलं: दीड टेस्लाचा नंबर लावून टाक, वहिनींना मी घेऊन येतो. म्हातारा हट्टी आहे.

मेहुण्याची तार आली. नंबर लागला होता. ती खिशात घालून मी भाऊंकडे निघालो तो विजयी वीरासारखा. भाऊ पेन्शनच्या कागदासाठी सकाळच्या एसटीनं उमरेडला गेले होते. वहिनी दारातच होत्या.

"बरं झालं आले तुमी. हे मुंबईचं पत्र आलं. दिल्लीचं मागच्या हप्त्यात आलं होतं, ते वाचून हे जेवले नाही. काय लिहिलं तेही सांगत नाही. तुमी वाचून सांगा जी, काय लिहिलं."

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. मी दोन्ही वाचली.

भाऊंनी नऊ प्रश्न विचारले होते आणि मुंबईच्या डॉक्टरांनी एकेक प्रश्न उतरवून क्रमानं उत्तरं दिली होती. पहिला प्रश्न चित्राबद्दल: मानेतली नस पाहायला अर्धा टेस्ला पुरेल काय? पुरेल, वेळ लागेल. दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत सगळे प्रश्न यंत्राबद्दल नव्हतेच. एका माणसाबद्दल होते. ज्याच्या उजव्या डोळ्यात पोलादाचा बारीक कण आहे, असा माणूस रोग्याजवळ बसू शकेल काय? नाही तर किती फुटांवर? पाठ करून बसला तर? डोळ्यावर हात ठेवला तर? डोळा गेला तरी त्याची तक्रार नाही असं लिहून दिलं तर?

वहिनी म्हणाल्या, "यांच्या डोळ्यात छन्नीचा तुकडा उडाला होता, लगनाच्या सालीच. डॉक्टर म्हणे, शांत बसला हाय तर बसू द्या."

"पण जवळ बसायचं कशाला?"

त्या जरा लाजल्या. "मले कोंडलं का जीव घाबरते, लहानपणापासून. न्हाणीची कडी बी लावत नाही मी. त्या यंत्राच्या नळीत तासभर निजा लागते म्हणे. मी यांले म्हटलं, तुमी पाय धरून बसान तर मी जाईन. हे म्हणे, धरतो."

भोयरभाऊ रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसून पेपर का वाचतात, हा आमच्या कॉलनीतला आवडता विनोद होता. तो मीच पसरवला होता.

दोन्हीकडची उत्तरं मी वहिनींना सांगितली. खोलीत पाय ठेवायचा नाही, इकडे नाही आणि तिकडेही नाही. कण हलला तर डोळा जाईल. दिल्लीवाल्यांनी लिहिलं होतं, आमच्या चुंबकाचा पसारा दूरवर जातो, तुम्ही पलीकडच्या व्हरांड्यात थांबा. मुंबईवाल्यांनी लिहिलं होतं, आमचा पसारा लहान आहे, काचेच्या खिडकीशी बसता येईल. तिथून रोग्याचे पाय दिसतात, आणि मधूनमधून बोलायची सोय आहे.

दिल्लीची तार खिशात होती. ती खिशातच राहिली.

संध्याकाळी भाऊ आले. मी सगळं कबूल केलं, तारेसकट. अपेक्षेप्रमाणे ते भडकले. "माझं पत्र काहून फोडलं? अन् नंबर लावणारा तू कोण गा? लाटसाहेब?" बराच वेळ बोलले. मग स्टुलावर बसले आणि एकदम बारीक आवाजात म्हणाले, "हिच्या तोंडावर म्हटलं होतं मी, पाय धरतो म्हणून."

"मी धरतो," मी म्हणालो. म्हणालो आणि वाटलं, हे काय बोलून बसलो.

भाऊंनी माझ्याकडे नव्या डब्याकडे पाहावं तसं पाहिलं. चुंबक काढला. सदरा, बटणं, पट्टा, चष्मा, चपला, एकेक तपासलं. चपलेचे खिळे आणि पट्ट्याची कडी नापास झाली. "बाकी तुह्यात धरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. मी ही स्तुती समजलो.

आम्ही तिघं मुंबईला गेलो. निकाल आधीच सांगतो: चित्र भरड होतं आणि पुरेसं होतं. नस कुठे दबली ते धंतोलीच्या डॉक्टरांना खिडकीच्या उजेडात धरून पाहता आलं. ऑपरेशन झालं, आणि वहिनींच्या भाकऱ्या आता पुन्हा गोल होतात. पण सांगायचं आहे ते त्या खोलीतलं.

वहिनींना फळीवर निजवून खांद्यांपर्यंत आत सरकवलं. बाहेर उरले ते पाय. मी अनवाणी, दोरीनं बांधलेल्या पायजम्यात, स्टुलावर बसून त्यांची बोटं धरली. दिवाळीला नमस्कार करण्यापलीकडे या पायांशी माझा कधी संबंध आला नव्हता. मग यंत्र सुरू झालं. पत्र्यावर कोणी घण घालतंय असा आवाज. वहिनींच्या पायाची बोटं आखडून इतकी घट्ट झाली की मला वाटलं, आता या ओरडणार, बाहेर काढा म्हणणार, आणि सगळं वाया जाणार. मी "वहिनी, मी आहे" म्हणालो. बोटं आणखी आखडली. बरोबरच होतं. मी असून काय उपयोग.

आवाज थांबला. काचेपलीकडे यंत्र चालवणाऱ्या माणसानं भाऊंच्या तोंडासमोर बोलायचा माईक धरला. भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मी खुणा केल्या. खोलीत खरखर ऐकू आली, मग त्यांचं खाकरणं.

"इंदे," भाऊ म्हणाले. "हे यंत्र अगदीच बेकार हाय."

यंत्र चालवणारा चमकला.

"एवढा आवाज आपला खदानीतला पट्टा बी नव्हता करत. अन् याले म्हणे अर्धं. कोणी ठरवलं अर्धं? कोणापेक्षा अर्धं? मी इथंच बसून राहिलो, सगळं लिहून राहिलो. घरी गेल्यावर या लोकायले पत्र टाकतो का नाही पाहाय."

त्या माणसानं माईक परत घ्यायला हात पुढे केला. भाऊंनी सोडला नाही. टेबल कसं चुकीचं ठेवलंय, भिंतीचा रंग कसा उडालाय, मी कसा बावळटासारखा बसलोय, सगळ्याची झडती सुरू झाली. आणि माझ्या हातातली बोटं सैल पडत गेली, आधी करंगळी, मग शेजारचं, मग अंगठा.

नळीच्या आतून वहिनींचा आवाज आला, "अजी, हळू बोला ना. लोकं आयकून राहिले."

भाऊंनी आवाज कमी केला नाही.