दाराशेजारचं कमळ

"खलीलभाई, नक्षी कसलीही काढा, पण कांद्याची आठवण येईल असं काही नको," छायाने पहिल्याच दिवशी बजावलं.

रंगीत काचेच्या खिडकीला अशी अट कोणी घालतं का? पण छायाला कारण होतं. नवरा कुंदन पिंपळगावचा कांद्याचा व्यापारी. लग्न झाल्यापासून तिच्या साड्यांना, उशांना, अगदी देवघरातल्या वातींनाही कांद्याचा वास. सत्त्याण्णव साली कुठे शहरात, गंगापूर रोडला बंगला उभा राहिला. वास्तुशांतीला कॉलनीतल्या बायका येणार, आणि त्यांनी आपल्याला 'कांदेवाली' म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून दाराशेजारच्या उभ्या खिडकीत गुलाबी कमळ.

"भाभी, खिडकी अरुंद हाय. फुललेलं कमळ मावणार नाय," खलील म्हणाला. "कळी करू."

कळी तर कळी. खलीलने काचेचे तुकडे कापून, शिशाच्या पट्ट्यांत जोडून ती बसवली. उन्हात कळी अशी उजळली, की छाया हरखून गेली. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे साळूबाई, गावाकडून आल्या.

"अगं बया! कांदा लय भारी काढलाय!"

"आई, कमळ आहे ते!"

"असंल बाई. मला कांदाच दिसतो."

'तुम्हीच सांगा काय दिसतं,' म्हणत छायाने नवऱ्याला पुढे केलं. कुंदनने बाजार समितीत माल बघावा तशी काच न्याहाळली. "मान बारीक. डबल पत्ती. टिकणारा माल आहे."

"अहो!"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

खलीलला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने वर दोन हिरवी पानं जोडली, तर पातीचा कांदा झाला. पानं काढली. छाया रडकुंडीला आली. "गुलाबी रंगच नको. पांढरं कमळ करा!"

बिचाऱ्याने सगळ्या पाकळ्या बदलल्या. साळूबाईंनी मान डोलावली. "पांढरा कांदा. औषधी असतो."

आता दुरुस्तीला वेळच उरला नव्हता. छायाने खिडकीवर पडदा ओढला आणि देवाचं नाव घेतलं. पण वास्तुशांतीच्या दिवशी कॉलनीच्या पुढारी उपासनीबाईंनी आल्याआल्या तो पडदाच सारला.

"अय्या, किती सुंदर!"

छाया पडदा परत ओढायला पुढे झाली.

"लसूण ना हा?" उपासनीबाई म्हणाल्या. "काय बाई एकेक हौस!"

"लसूण?" छायाचं डोकंच सणकलं. होमापुढचे गुरुजीसुद्धा मंत्र म्हणता म्हणता थांबले. "अहो, डोळे उघडून बघा की! मान बघा, पत्ती बघा! लसूण असा असतो होय? कांदा आहे तो! आमच्या पिंपळगावचा, एक नंबर माल!"

उपासनीबाई ओशाळल्या. "चुकलंच बाई माझं. मग... मिळेल का हो थोडा, घरच्या भावात?"

"थोडा कशाला?" छाया तोऱ्यात म्हणाली. "गोणीच पाठवते!"